किल्ली कोणाच्या कमरेला? लष्करी युतीतल्या खर्चाचा हिशेब

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या मामांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. २०२५ च्या जूनमध्ये एका दुपारी तिथे बसलो होतो आणि मोबाईलवर बातमी आली: 'नाटो' या अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीतल्या देशांनी संरक्षणावर ५ टक्के खर्च करायचं हेगच्या बैठकीत कबूल केलं. मामांनी लगेच विचारलं, "पाच टक्के कशाचे रे? आणि नेऊन भरायचे कुठं? अमेरिकेच्या गल्ल्यात?" शेजारच्या शेडमधले एक कारखानदार बसले होते, ते म्हणाले, "वर्गणीच असणार की. गड्ड्याच्या जत्रेला देतो तशी."

मी उत्तर दिलं, पण ते अपुरं होतं हे मला घरी येताना जाणवत राहिलं. वर्गणी हा शब्दच इथं घोटाळा करतो. त्यामुळे हा विषय पहिल्यापासून मांडतो.

युती म्हणजे काय कबूल केलेलं असतं?

लष्करी युती म्हणजे लेखी वचन: तुझ्यावर हल्ला झाला तर मी मदतीला येईन, माझ्यावर झाला तर तू ये. 'नाटो' ही अशी सगळ्यात मोठी युती. १९४९ मध्ये १२ देशांनी ती सुरू केली, आज ३२ देश आहेत. त्या कराराचं पाचवं कलम सांगतं की एकावरचा हल्ला हा सगळ्यांवरचा हल्ला मानला जाईल. मात्र त्यापुढचं वाक्य फारसं कोणी वाचत नाही. प्रत्येक देशाने त्याला स्वतःला आवश्यक वाटेल ती कृती करावी, असं तिथं लिहिलंय. म्हणजे फौज पाठवायची, दारूगोळा द्यायचा की आणखी काही करायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. सगळी भिस्त परस्परांच्या विश्वासावर आहे.

हे कलम आजवर एकदाच लागू झालं, २००१ मध्ये, अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर. लहान देशांच्या रक्षणासाठी म्हणून ओळखलं जाणारं कलम प्रत्यक्षात सगळ्यात बलाढ्य सदस्यासाठी वापरलं गेलं. त्यानंतर अफगाणिस्तानात डेन्मार्कचे ४० हून अधिक सैनिक मरण पावले. डेन्मार्क किती मोठा? सुमारे ६० लाख लोकसंख्येचा. २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या सोलापूर जिल्ह्यात ४३ लाख लोक होते. "लहान देश फुकट खातात" असं कोणी म्हटलं की मला हे ४० जण आठवतात.

पाच टक्के कशाचे?

देशात वर्षभरात जो माल तयार होतो, ज्या सेवा दिल्या जातात, त्या सगळ्यांची एकूण किंमत म्हणजे जीडीपी. तिच्या ५ टक्के. आणि हे पैसे अमेरिकेला द्यायचे नाहीत, 'नाटो'च्या तिजोरीतही भरायचे नाहीत. प्रत्येक देशाने ते स्वतःच्या संरक्षणावर, स्वतःच्या अंदाजपत्रकातून खर्च करायचे आहेत. मुदत २०३५ पर्यंत. त्यातले ३.५ टक्के सैन्य आणि शस्त्रं यांवर, उरलेले १.५ टक्के रणगाडे पेलतील असे पूल, बंदरं, सायबर सुरक्षा अशा पूरक कामांवर.

खरी वर्गणी वेगळी आहे आणि ती तुलनेने किरकोळ आहे. मुख्यालय, संयुक्त कमांड, काही सामाईक यंत्रणा यांच्यासाठी एक निधी असतो. २०२४-२५ मध्ये त्यात अमेरिका आणि जर्मनी प्रत्येकी सुमारे १६ टक्के भरत होते. मुख्य भांडण या वर्गणीवरून नाही. भांडण आहे ते ज्याच्या त्याच्या घरखर्चावरून. सगळ्या सदस्यांचा संरक्षण खर्च एकत्र केला तर बराच काळ त्यातला जवळपास दोन तृतीयांश एकट्या अमेरिकेचा होता. २०१४ मध्ये किमान २ टक्के खर्चाचं उद्दिष्ट नव्याने ठरलं, तेव्हा ते गाठणारे देश फक्त तीन होते: अमेरिका, ब्रिटन आणि ग्रीस.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अमेरिकेचा हा खर्च काही सगळा युरोपच्या राखणीसाठी नसतो. पॅसिफिक महासागर आहे, आखात आहे, अण्वस्त्रं आहेत. दोन तृतीयांशाचा आकडा युरोपवरच्या उपकाराचा आकडा म्हणून फेकला जातो तेव्हा तो दिशाभूल करतो.

लहान देश कमी खर्च का करतात?

जुळे सोलापुरातली एखादी गल्ली डोळ्यांपुढे आणा. टोकाला एक मोठा बंगला, बाकी वीसेक लहान घरं. बंगल्यात दागिने आहेत, दोन गाड्या आहेत, म्हणून मालकाने रात्रीचा राखणदार ठेवला. तो गल्लीतून फेऱ्या मारतो, शिट्टी वाजवतो. चोर गल्लीतच शिरत नाही. फायदा वीसही घरांना होतो. आता बंगलेवाला म्हणाला की राखणदाराच्या पगारात सगळ्यांनी हातभार लावा, तर लहान घरं काय करतील? कोणी पन्नास रुपये देईल, कोणी पुढच्या महिन्यावर ढकलेल. राखणदार जाणार नाही हे त्यांना ठाऊक आहे, कारण बंगल्याला त्याची गरज सगळ्यात जास्त आहे.

हे युतीला लागू पडतं असं मॅन्कर ऑल्सन आणि रिचर्ड झेकहाउझर या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्येच मांडलं. त्यात कोणाचा दुष्टपणा नाही. ज्याला गमावण्यासारखं जास्त आहे तो जास्त खर्च करतो, आणि बाकीच्यांना आपला हात आखडता घेणं परवडतं.

पण गल्लीची गोष्ट इथं संपत नाही. राखणदार कुठे उभा राहतो? बंगल्याच्या फाटकाशी. सुट्टी कोणाला विचारून घेतो? बंगलेवाल्याला. मालकाने उद्या म्हटलं की माझी दुसरी गाडी तुमच्या दारासमोर उभी राहील, तर पन्नास रुपये देणारा माणूस किती जोरात नाही म्हणेल? मला या लेखात मुख्यतः एवढंच सांगायचंय. युतीत फुकट कोणीच राहत नाही. पैसा कमी दिला तर जागा द्यावी लागते, नाहीतर निर्णयाचा हक्क सोडावा लागतो. घराच्या किल्ल्या हळूहळू दुसऱ्याच्या कमरेला जातात. हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

'नाटो'च्या युरोपातल्या सर्वोच्च लष्करी सेनापतीचं पद १९५१ पासून आजवर कायम अमेरिकी अधिकाऱ्याकडे राहिलं आहे. सरचिटणीस कायम युरोपीय असतो. बैठक चालवायची कोणी आणि फौज चालवायची कोणी, याची ही वाटणी आहे.

हा हिशेब सोलापूरला नवा नाही

आपला भुईकोट किल्ला युत्यांच्या बाजारात नाण्यासारखा फिरलेला आहे. सोळाव्या शतकात तो अहमदनगरच्या निजामशाहीकडे असावा की विजापूरच्या आदिलशाहीकडे, यावरून पिढ्यान्‌पिढ्या लढाया झाल्या. पुढे विजयनगरच्या विरोधात दख्खनच्या सुलतानांना एकत्र यायचं होतं. तेव्हा हुसेन निजामशहाने मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली आणि सोबत सोलापूरचा किल्ला आंदण दिला. त्या युतीने १५६५ मध्ये तालिकोटची लढाई जिंकली. समान शत्रू संपल्यावर सुलतान पुन्हा एकमेकांशी भांडू लागले. युतीत शिरण्यासाठी एकाने रोख रक्कम दिली नाही, किल्ला दिला.

त्याहून बोलकं उदाहरण तैनाती फौजेचं आहे. शाळेत आपण तिची व्याख्या पाठ केली आणि विसरलो. १७९८ मध्ये हैदराबादच्या निजामाने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. त्याच्याकडे फ्रेंच अधिकाऱ्यांनी तयार केलेली स्वतःची पलटण होती, ती मोडली गेली. तिच्या जागी इंग्रजांची फौज आली, खर्च निजामाचा. दोनच वर्षांनी, १८०० मध्ये, त्या खर्चापोटी त्याने म्हैसूरच्या युद्धांत मिळवलेला मुलूख कंपनीला देऊन टाकला. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने तेच केलं. फौजेच्या खर्चासाठी २६ लाख रुपये वार्षिक उत्पन्नाचा मुलूख दिला आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलणी न करण्याचं मान्य केलं. त्यानंतर सोळा वर्षं उलटायच्या आत, मे १८१८ मध्ये, पेशव्यांचा सोलापूरचा किल्ला इंग्रजांनी घेतला.

आणि नळदुर्ग. हैदराबाद रस्त्याने आपण तासाभरात पोचतो ते. १८५३ मध्ये हैदराबाद कंटिंजंट या, निजामाच्या पैशावर चालणाऱ्या इंग्रजी फौजेची थकबाकी साचली म्हणून निजामाला वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा भाग इंग्रजांच्या हवाली करावा लागला. नळदुर्ग आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड राहिलं ते राहिलंच.

'नाटो' म्हणजे तैनाती फौज आहे असं मी म्हणत नाही. तिथले देश आपखुशीने आले, काही तर दार ठोठावत वर्षानुवर्षं थांबले, आणि बाहेर पडण्याची वाट करारातच लिहून ठेवली आहे. बाजीरावाला अशी वाट नव्हती. पण संरक्षण दुसऱ्याच्या हाती दिलं की काय काय हातातून जातं, त्याचा क्रम दोन्हीकडे ओळखीचा वाटतो: आधी स्वतःची फौज, मग परराष्ट्र धोरण.

बड्या देशांवरही अशी वेळ येते का?

१९५६ साली इजिप्तच्या नासर यांनी सुवेझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी मिळून ऑक्टोबरच्या अखेरीस हल्ला चढवला. ब्रिटन आणि फ्रान्स म्हणजे कोणी चिल्लर देश नव्हेत, कालपर्यंतची साम्राज्यं. पण अमेरिकेला विचारलं नव्हतं आणि अध्यक्ष आयसेनहॉवर संतापले. पौंड घसरत होता, ब्रिटनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून पैसा हवा होता, आणि माघार घेईपर्यंत तो मिळू नये अशी व्यवस्था अमेरिकेने केली. एकही गोळी न झाडता. ६ नोव्हेंबरला युद्धबंदी झाली आणि डिसेंबर संपायच्या आत ब्रिटिश-फ्रेंच फौजा परत गेल्या.

या अपमानातून दोन दोस्तांनी दोन उलटे धडे घेतले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ब्रिटनने ठरवलं की अमेरिकेच्या पुन्हा विरोधात जायचं नाही. १९६२ मध्ये त्यांनी अमेरिकेकडून अण्वस्त्रं वाहणारी पोलारिस क्षेपणास्त्रं घ्यायचा करार केला. आजही ब्रिटिश पाणबुड्यांवरची ट्रायडंट क्षेपणास्त्रं दोन्ही देशांच्या सामाईक साठ्यातून येतात आणि त्यांची मोठी देखभाल अमेरिकेत होते. फ्रान्सने ठरवलं की किल्ली आपल्याच कमरेला हवी. १९६० मध्ये त्यांनी स्वतःचा अणुस्फोट केला. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी 'नाटो'च्या संयुक्त लष्करी रचनेतून फ्रान्सला बाहेर काढलं आणि परकीय फौजांना देश सोडायला सांगितलं. पॅरिसमधलं मुख्यालय ब्रसेल्सला हलवावं लागलं. फ्रान्सने युती मात्र सोडली नाही, आणि लष्करी रचनेत परतला तो २००९ मध्ये.

दोघांनीही किंमत मोजली. फ्रान्सने रोख मोजली, कारण स्वतंत्र अण्वस्त्रं बाळगणं प्रचंड खर्चिक असतं. ब्रिटनने पैसे वाचवले आणि स्वातंत्र्याचा एक तुकडा दिला.

मग लहानांचं काहीच चालत नाही का?

चालतं. कधी कधी थक्क व्हावं इतकं चालतं.

आइसलँड 'नाटो'चा संस्थापक सदस्य आहे आणि त्याला स्वतःचं सैन्यच नाही. सत्तरच्या दशकात या देशाने कॉड माशांच्या मासेमारीवरून ब्रिटनशी भांडण काढलं. आपल्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत ब्रिटिश बोटी नकोत, असं त्यांचं म्हणणं. आइसलँडच्या गस्ती नौका ब्रिटिश बोटींची जाळी कापत होत्या आणि ब्रिटनने आपलं आरमार पाठवलं होतं. एकाच युतीतले दोन देश! आइसलँडच्या हातात एकच पत्ता होता: केफ्लाविकचा हवाई तळ. उत्तर अटलांटिकमध्ये उतरणाऱ्या सोव्हिएत पाणबुड्यांवर तिथून नजर ठेवली जायची. तळ बंद करू, युती सोडू, अशी भाषा सुरू झाली. १९७६ मध्ये ब्रिटनने २०० मैलांची हद्द मान्य केली. ज्याच्याकडे तोफ नाही पण मोक्याची जागा आहे, त्याचीही किंमत असते. गल्लीत कोपऱ्यावरचं घर लहान असलं तरी राखणदाराला उभं राहायला त्याचाच ओटा लागतो.

दुसरं हत्यार नकाराचं. 'नाटो'त निर्णय एकमताने होतात. स्वीडनने मे २०२२ मध्ये सदस्यत्वासाठी अर्ज केला, पण तुर्की आणि हंगेरी अडून बसल्यामुळे प्रवेश मिळाला मार्च २०२४ मध्ये. त्याआधी, १ मार्च २००३ ला, तुर्कीच्या संसदेने अमेरिकी फौजेला आपल्या भूमीवरून इराकमध्ये शिरायची परवानगी नाकारली होती. मात्र जागेची ताकद दुधारी असते. डेन्मार्कने १९५१ च्या करारानुसार आपल्या ग्रीनलँड बेटावर अमेरिकेला तळ दिला. २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प ग्रीनलँडच हवं म्हणत होते. अफगाणिस्तानात ४० माणसं गमावलेल्या दोस्ताला हे ऐकावं लागलं.

टक्केवारी हे माप तरी बरोबर आहे का?

अर्धवट. लग्नात किती खर्च झाला यावरून पंगत कशी झाली ते कळत नाही. 'नाटो'च्या हिशेबात निवृत्त सैनिकांचं पेन्शनही संरक्षण खर्चात धरलं जातं. ग्रीसची टक्केवारी वर्षानुवर्षं चांगली राहिली, कारण त्याला युतीतल्याच तुर्कीची धास्ती आहे. आणि देशाचं उत्पन्न कोसळलं की एक पैसाही न वाढवता टक्केवारी वर जाते.

सगळ्यांनी खर्च वाढवला की प्रश्न मिटला?

मामांनी हाच प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर त्यांच्याच धंद्यात आहे. सोलापुरात दोन तऱ्हेचे कारखानदार असतात. एक स्वतः सूत घेतो, स्वतःचा नमुना काढतो, माल स्वतः विकतो. दुसरा मजुरीवर विणतो. माग त्याचा, वीजबिल त्याचं, कामगारांचे पगार त्याचे. पण सूत बड्या व्यापाऱ्याचं आणि नमुनाही त्याचाच. व्यापाऱ्याने सूत पाठवणं थांबवलं की दुसऱ्या दिवशी माग बंद. या मजुरीवाल्याने आणखी दहा माग घेतले म्हणून तो स्वतंत्र होत नाही.

शस्त्रांचं तसंच आहे. युरोपचे बरेच देश वाढीव पैशातून अमेरिकी एफ-३५ लढाऊ विमानं घेत आहेत. विमान उडवायला सुटे भाग लागतात, सॉफ्टवेअर लागतं, आणि त्यांची सूत्रं दुसरीकडे असतात. तुर्की एफ-३५ च्या निर्मितीत भागीदार होता. त्याने रशियाची एस-४०० ही शत्रूची विमानं पाडणारी यंत्रणा घेतली आणि २०१९ मध्ये त्याला त्या कार्यक्रमातून काढलं. पाकिस्तानचा अनुभव त्याहून जुना. अमेरिकेच्या या जुन्या दोस्ताने एफ-१६ विमानांचे पैसे भरले होते. १९९० मध्ये त्याच्या अणुकार्यक्रमावरून अमेरिकेने निर्बंध लादले आणि २८ विमानं ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली.

म्हणून खर्च वाढला या बातमीपुढचा प्रश्न असा हवा: तो कारखान्यावर झाला की खरेदीवर?

आपला याच्याशी काय संबंध?

भारत कुठल्याही लष्करी युतीत नाही. आपल्यावर हल्ला झाला तर अमुक देश येईल, असं वचन आपल्याला कोणी दिलेलं नाही. म्हणून आपण खर्चही स्वतःच करतो: २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपये, जीडीपीच्या सुमारे १.९ टक्के. मजुरीवर विणण्याची अडचण मात्र आपल्यालाही चुकलेली नाही. २०१८ मध्ये रशियाशी एस-४०० चा करार केला आणि पुढे युक्रेनच्या युद्धामुळे ठरलेल्या वेळी सगळा माल मिळाला नाही.

दुसरी बाजू आपण क्वचितच बघतो. आपल्या शेजारात बंगलेवाले आपण आहोत. १९४९ च्या करारात भूतानने परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला मानायचं कबूल केलं होतं. भूतानी सैन्याला आपणच शिकवत आलो, आणि त्यात आपला हेतू वाईट नव्हता. तरी ते वाक्य भूतानला अवघड वाटत असणार, हे समजायला आपल्याला बराच काळ लागला. २००७ च्या नव्या करारात ते वाक्य काढलं.

मालदीवला आपण दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्निअर विमान दिलं होतं. ती रुग्णांना बेटांवरून राजधानीत आणायची, समुद्रावर लक्ष ठेवायची. चालवणारे मात्र भारतीय लष्करातले होते, आणि त्यावरून तिथे 'भारतीयांनो, बाहेर जा' अशी मोहीम उभी राहिली. निवडणूक त्यावर लढवली गेली. मे २०२४ च्या मध्यापर्यंत आपले गणवेशातले लोक परत आले आणि त्यांच्या जागी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे नागरी तंत्रज्ञ गेले. मामांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ मागाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "विमान तेच, चालवणारे आपलेच. नुसता गणवेश बदलला तर त्यांना चाललं?"

चाललं, मामा. तिथल्या लोकांचा राग विमानावर नव्हताच.